आकडे पाठवण्याआधी एकमेकांशी ताडून पाहा

पर्यावरण निरीक्षणाचे आकडे नियामकाकडे जाण्याआधी सॉफ्टवेअरने तपासायचे असतील, तर किमान-कमाल मर्यादांवर थांबू नका. पीएच ० ते १४ मध्ये आहे एवढं पाहून फारसं हाती लागत नाही. खऱ्या चुका सापडतात त्या एकाच नमुन्यातले आकडे शेजारी ठेवल्यावर: बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) सीओडीपेक्षा (तीच घाण रसायनाने ऑक्सिडाइझ करायला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा) जास्त, पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) पीएम १० पेक्षा (१० मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांपेक्षा) जास्त, विरघळलेलं शिसं एकूण शिशापेक्षा जास्त. यामागे बहुतेकदा बाटल्यांची अदलाबदल, चुकलेला रकाना किंवा एककाचा घोळ निघतो. आकडा हजारपट फुगलेला दिसला, तर मायक्रोग्रॅममधला आकडा मिलिग्रॅमच्या रकान्यात गेलाय का, हे आधी बघा. मात्र मोजमापाच्या अनिश्चिततेएवढी सूट नियमात ठेवाच, नाहीतर किरकोळ फरकांवरही इशारे येत राहतील आणि लोक ते वाचणंच सोडतील.

सेन्सर तासन्‌तास तोच आकडा देत असेल तर तिथेही खूण हवी.

एक मात्र कळकळीने सांगते, नियमात न बसलेला आकडा आपोआप पुसू देऊ नका. तो खऱ्याखुऱ्या प्रदूषणाचा असू शकतो. खूण करा, मूळ नोंद जपा, निर्णय कोणी आणि का घेतला ते शेजारीच लिहा. शोधमर्यादेखालच्या, म्हणजे चाचणीला खात्रीने ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाहून कमी निघालेल्या निकालांच्या जागी शून्य भरू नका. 'पेक्षा कमी' हे चिन्ह आणि ती मर्यादा, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.