एफटीपी फुगलाय का? ठोके बघा

पायडल मारण्याची ताकद वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर हाती आला की नवखा सायकलस्वार २० मिनिटांची टेस्ट मारतो, सरासरी वॉटला ०.९५ने गुणतो आणि आलेला एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे जास्तीत जास्त वॉट) ॲपमध्ये टाकून मोकळा होतो. गोम अशी, की मूळ पद्धतीत त्या २० मिनिटांआधी ५ मिनिटं जीव तोडून चालवायची असतात. ती गाळली तर ताज्या पायांचे वॉट आकड्यात घुसतात. स्प्रिंट जोरदार असणाऱ्यांचा आकडा तर हमखास फुगतो. हा फुगवटा पकडायला छातीचा हार्ट रेट पट्टा पुरतो.

हृदयाच्या ठोक्यांवरून वॉट थेट निघत नाहीत, हे आधीच मान्य करू. पण थ्रेशोल्डचे, म्हणजे एफटीपीच्या जोरावर चालवताना मिनिटाला पडणारे ठोके महिनोन्‌महिने साधारण जागेवर राहतात. फिटनेसप्रमाणे बदलतात ते त्या ठोक्यांना निघणारे वॉट. त्यामुळे आधी ठोके शोधायचे. ३० मिनिटं एकट्याने, रेससारखं चालवा. १० मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबा आणि उरलेल्या २० मिनिटांची सरासरी घ्या. पहिली १० मिनिटं सोडायची, कारण वॉट लगेच चढतात, ठोके मात्र रेंगाळत मागून येतात. ‘२२० उणे वय’ इथे विसरा. त्यात १०-१२ ठोक्यांची चूक सहज निघते. रस्ता सिग्नल आणि उतार नसलेला हवा. पुण्याजवळ सिंहगडाचा चढ वेळेला पुरतो, पण गिअर हलका नसेल तर तिथे कॅडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) पार घसरतो आणि ठोक्यांआधी मांड्याच संपतात.

समजा थ्रेशोल्डचे ठोके १६८ आले, आणि २० मिनिटांच्या टेस्टला सरासरी २३२ वॉट, म्हणजे एफटीपी २२०. दोन-तीन दिवस हलकं चालवा. मग १५ मिनिटं वॉर्म-अप करून २२० वॉटवर २५ मिनिटं बसा, कॅडन्स नेहमीचाच ठेवून. पाचव्या मिनिटाला १५८, दहाव्याला १६३, विसाव्याला १६७ आणि पुढे जेमतेम एखादा ठोका वर: आकडा बरोबर आहे. दहाव्यालाच १६८, पंधराव्याला १७४, श्वास तुटक आणि कॅडन्स ८८वरून ८०वर आलेला: आकडा फुगलेला आहे. ५ टक्के कापून २०९ करा आणि चार दिवसांनी पुन्हा तपासा. उगाच मनाला लावून घेऊ नका. फुगलेल्या एफटीपीवर आखलेले इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत मारायचे जोराचे टप्पे) अर्धवट सुटतात, त्यापेक्षा हे परवडलं. शेवटपर्यंत ठोके १५८च्या आसपास आणि दोन-दोन शब्द बोलता येताहेत, तर एफटीपी कमी लावलाय. १० वॉट वाढवून बघा.

पण इथेच एक सापळा आहे. अंगात थकवा साठलेला असेल तेव्हाही ठोके चढत नाहीत. फरक पायांवरून कळतो: एफटीपी कमी असेल तर पाय हलके वाटतात, थकवा असेल तर १५८ ठोक्यांनाही पाय शिशाचे होतात. तेव्हा वॉट वाढवू नका, झोपा.

उलटी फसगत उन्हाळ्यात होते. बंद खोलीत ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर), पंखा मंद असेल तर त्याच वॉटला ठोके ५ ते १० वर जातात, कारण शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि घामाने पाणीही घटतं. मे महिन्यातल्या ठोक्यांवरून डिसेंबरचा एफटीपी कापणं म्हणजे निव्वळ नुकसान. पंखा समोरून, जोरात, आणि पाण्याची बाटली हाताशी. टेस्टआधीचा कॉफीचा कपही दर वेळी सारखाच ठेवा. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं चालू असतील तर मात्र औषधाआधीच्या आकड्यांशी तुलना नको. ती ठोके दाबून ठेवतात.

पट्ट्याचे पॅड पाण्याने ओले केल्याशिवाय बांधू नका. कोरड्या हवेत, घाम यायच्या आधी फडफडत्या जर्सीमुळे तो मध्येच २००च्या वर आकडे दाखवतो. घड्याळाचा मनगटावरचा सेन्सर या कामाला नको. हँडल घट्ट धरल्यावर आणि खडबडीत रस्त्यावर तो चुकतो. पॉवर मीटरचंही झीरो ऑफसेट (जोर नसताना आकडा शून्यावर आणणं), सायकल बाहेर १०-१५ मिनिटं ठेवून मगच करा, नाहीतर ठोके बरोबर आणि वॉटच खोटे असं व्हायचं.

पूर्ण टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी पुरे. मधल्या काळात दर आठवड्याला एकाच ट्रेनरवर, एकाच वेळी, वरच्या उदाहरणातल्या स्वाराने समजा २०० वॉटवर, २० मिनिटं चालवून शेवटच्या ५ मिनिटांचे ठोके वहीत टिपा. १६० होते ते १५४वर आले आणि तीन आठवडे तिथेच राहिले, तर एफटीपीत ५ वॉट घाला आणि २५ मिनिटांची तपासणी पुन्हा लावा.