सेवा क्लबमध्ये काम सुरू करताना: पहिल्या बैठकीपासून पहिल्या रक्तदान शिबिरापर्यंत

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबमध्ये लोक उत्साहाने येतात आणि बरेचसे सहा-आठ महिन्यांत गळतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असते. त्यांना सदस्य करून घेतलेले असते, पण नेमके काम कुणी दिलेले नसते. म्हणून नव्या माणसाने काय करावे आणि त्याला घेणाऱ्या क्लबने काय करावे, या दोन्ही गोष्टी इथे सोबतच सांगितल्या आहेत.

आधी पाहुणे म्हणून जा

पहिल्याच दिवशी सदस्यत्वाचा अर्ज भरू नका. किमान दोन बैठका आणि एक प्रत्यक्ष उपक्रम पाहा. बैठकीत सगळेच चांगले बोलतात. उपक्रमाच्या दिवशी खुर्च्या कोण मांडतो, शेवटी कचरा कोण उचलतो आणि अध्यक्ष किती वाजता पोहोचतात, यावरून क्लबची खरी ओळख पटते.

सचिवांना तीन प्रश्न विचारा. वर्गणी किती आणि त्यात काय काय येते? महिन्याला किती तास अपेक्षित आहेत? गेल्या वर्षी केलेल्या उपक्रमांपैकी कोणते यंदाही चालू आहेत? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. यादीत वीस उपक्रम आहेत आणि एकही पुढे चाललेला नाही, तर त्या क्लबचा वेळ उद्घाटनांत जातो असे समजायला हरकत नाही.

प्रत्येक संघटनेचा कल वेगळा असतो. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी केली. सदस्य आळीपाळीने (इंग्रजीत ‘रोटेशन’ने) एकमेकांच्या कार्यालयात जमत, म्हणून हे नाव पडले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या लोकोपयोगी कामांपैकी एक म्हणजे शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी केलेला पाठपुरावा. त्या कामात मिरवण्यासारखे काही नव्हते, पण गरज खरी होती. लायन्स १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी तिच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून दृष्टी हा तिचा मोठा विषय झाला. घरात शाळकरी मुले असतील तर १२ ते १८ वयासाठी रोटरीचे इंटरॅक्ट आणि १२ ते ३० वयासाठी लायन्सचे लिओ क्लब असतात.

पहिले काम लहान घ्या, पण पूर्ण घ्या

‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. त्याऐवजी सुरुवात आणि शेवट असलेले एक काम मागून घ्या: पुढच्या उपक्रमाचे नोंदणीचे टेबल, सामानाची यादी, किंवा स्वयंसेवकांना आदल्या दिवशी फोन करणे. क्लबनेही ‘मदतीला या’ असा मोघम निरोप देऊ नये. ‘सकाळी ८ ते ११.४५, विश्रांती कक्ष, काम बसून-उभे, सोबत कोण’ एवढे चार तपशील दिले की माणूस येतो. तपशील नसले की होकार मिळतो, माणूस येत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत कुठलेही पद स्वीकारू नका. खजिनदारकी तर नकोच. हे पद रिकामे दिसले की नव्याच्या गळ्यात पडते आणि जुने हिशेब समजून घेण्यातच त्याचे वर्ष संपते.

उपक्रम निवडताना आधी विचारा

ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याकडे जाऊन ‘तुम्हाला काय हवे?’ एवढे विचारून चालत नाही, कारण उत्तर बहुधा ‘द्याल ते’ असेच येते. ‘गेल्या महिन्यात कशामुळे अडलं?’ असे विचारा. शाळेला वह्या द्यायला जावे, तर तिथे वह्या दोन वर्षे पुरतील एवढ्या पडून असतात आणि नळाची तोटी महिनाभर तुटलेली असते.

मग ज्या संस्थेच्या दारी जाणार तिच्याशी एका पानावर लिहून ठरवा: काय, केव्हा, जागा कुणाची, खर्च कुणाचा, अडचण आल्यास फोन कुणाला. एवढे लिहिले की ऐनवेळच्या बहुतेक वादांना जागाच उरत नाही.

उदाहरण म्हणून रक्तदान शिबिर

हा उपक्रम जवळपास प्रत्येक सेवा क्लब करतो आणि नियोजनाचे सगळे धडे त्यात मिळतात, म्हणून तो सविस्तर पाहू.

पहिली चूक आकड्याची होते. ‘यंदा पाचशे पिशव्या’ असे जाहीर होते आणि रक्तपेढीला विचारलेलेच नसते. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवून, पिशवीतल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर साधारण ५ दिवसच. एका दिवशी गरजेपेक्षा जास्त गोळा झाले तर काही वाया जाण्याची भीती असते आणि दीड महिन्याने पुन्हा तुटवडा येतोच. तीन-तीन महिन्यांनी ६० पिशव्यांचे शिबिर हे एकाच दिवशीच्या २४० पिशव्यांपेक्षा रुग्णांच्या जास्त उपयोगी पडते. तारीख क्लबच्या सोयीने न ठरवता रक्तपेढीला विचारा: तुमच्याकडे टंचाई कधी असते? बहुधा लांब सुट्ट्यांच्या काळात असते, कारण नेहमीचे दाते तेव्हा गावाला गेलेले असतात.

आता खाटांचे गणित. प्रत्यक्ष रक्त येण्यास ८ ते १० मिनिटे लागतात. आडवे होणे, शीर शोधणे, नंतर पडून राहणे आणि खाट पुसणे धरून एका दात्यामागे २० मिनिटे मोजा. म्हणजे एका खाटेवर तासाला ३. चार खाटा आणि पाच तास असतील तर ६० दाते. म्हणून दर १५ मिनिटांना तिघांनाच वेळ द्या. ‘सकाळी ९ ते २ केव्हाही या’ असे सांगितले की साडेदहाला पंचवीस जण एकदम येतात आणि तासभर ताटकळलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. काही जण येणार नाहीत, काही तपासणीत थांबवले जातील, त्यामुळे थोडी जास्त नावे घ्या. पण ती शेवटच्या दोन तासांत घाला, सुरुवातीला नको. सुरुवातीचा खोळंबा दिवसभर पुरतो.

जागा हवेशीर, तळमजल्यावर, पुरेशा उजेडाची हवी. गर्मीच्या खोलीत चक्कर येण्याचे प्रमाण वाढते. मांडणी एकाच दिशेने करा: नोंदणी, मग तपासणी, मग खाटा, मग विश्रांती, आणि बाहेर जायला वेगळे दार. येणारे आणि जाणारे एकाच दारात अडकले की सगळी घडी विस्कटते.

तपासणीचे टेबल इतर टेबलांपासून किमान ३ मीटर दूर आणि आडोशाला ठेवा. यात तडजोड करू नका. तिथे डॉक्टर आजार, औषधे, खाजगी आयुष्य याबद्दल विचारतात. शेजारी मित्र किंवा कार्यालयातले सहकारी उभे असले की माणूस खरे सांगत नाही. नुकताच झालेला संसर्ग काही दिवस चाचणीतही दिसत नाही, म्हणून रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली भिंत म्हणजे दात्याचे खरे उत्तर. ज्याला थांबवले त्याला ‘का हो, काय झालं?’ असे कुणीही विचारू नये. त्यालाही विश्रांती कक्षातूनच, चहापाणी घेऊन बाहेर जाऊ द्या, म्हणजे कुणाला काही कळत नाही. महागडी भेटवस्तूही याच कारणासाठी ठेवू नये. वस्तूच्या ओढीने आलेला माणूस अडचणीची गोष्ट लपवू शकतो.

स्वयंसेवक किती? एका पाळीला सात: नोंदणीला दोन, रांग पुढे नेणारा एक, विश्रांती कक्षात दोन, दारावर आणि फोनला एक, आणि एक समन्वयक. समन्वयकाने कुठलेही टेबल घेऊ नये. तो टेबलावर बसला की अडलेले कुणाला दिसत नाही. मांडणीचा आधीचा एक तास आणि आवरण्याचा नंतरचा एक तास धरून दिवस सात तासांचा होतो. पावणेचार तासांच्या दोन पाळ्या करा. मधला अर्धा तास दोन्ही पाळ्या एकत्र असतात आणि काम मध्ये न तुटता एका हातातून दुसऱ्या हातात जाते. चौदा जण आणि दोन राखीव, असे सोळा.

सगळ्यांत जाणती दोन माणसे विश्रांती कक्षात बसवा. क्लब नेमके उलटे करतात, नवख्यांना तिथे खाऊ वाटायला ठेवतात. खाटेवर आडवा असलेला दाता सहसा ठीक असतो, तो उठल्यावर काही मिनिटांनी चक्कर येते. पहिल्यांदा देणारे, तरुण, रिकाम्या पोटी आलेले आणि घाबरलेले यांना जास्त. चेहरा पांढरा पडणे, घाम, जांभया, बोलता बोलता गप्प होणे ही आधीची चिन्हे. दिसताच खुर्चीवरून सावकाश जमिनीवर आडवे करा, पाय वर उचलून धरा आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांना हाक मारा. बसवून पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नका. या कक्षात स्टूल नकोत, हात असलेल्या खुर्च्या हव्यात. तासाला १२ दाते आणि प्रत्येकी १५ मिनिटे म्हणजे एका वेळी तिघे बसतील, पण सहा खुर्च्या ठेवा आणि दोन जणांना आडवे करता येईल एवढी सतरंजीची जागा मोकळी सोडा.

नोंदणीच्या निरोपातच लिहा: जेवून या, झोप पुरी घ्या, ओळखपत्र आणा. टेबलावर पोहोचल्यावर अर्धा लिटर पाणी प्यायला लावा, चक्कर टाळायला त्याचा उपयोग होतो. सुई काढल्यावर हात कोपरात दुमडायचा नाही. सरळ ठेवून कापसावर दाब द्यायचा, म्हणजे काळेनिळे होण्याचा संभव कमी. त्या हाताने दिवसभर जड उचलू नये, हे प्रत्येकाला तोंडी सांगा. पत्रक कुणी वाचत नाही. दाता पात्र आहे की नाही, किती दिवसांनी पुन्हा देता येईल, हे सांगण्याचे काम मात्र रक्तपेढीचेच. स्वयंसेवकाने आपल्या अंदाजाने उत्तर देऊ नये.

भाषणे ठेवायचीच असतील तर पहिला दाता येण्याआधी दहा मिनिटे. पाहुण्यांची वाट पाहत दात्यांना खोळंबून ठेवणे हा दात्यांचा अपमान आहे.

पैसे आणि फोटो

लोकांकडून उपक्रमासाठी आलेला पैसा आणि सदस्यांची वर्गणी वेगवेगळ्या खात्यांत ठेवा. लायन्समध्ये तर हा नियमच आहे: लोकांकडून आलेले लोकांसाठीच खर्च व्हावे, क्लबच्या जेवणावळीला नाही. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची, दोघांनी सही करायची आणि पावती त्याच वेळी फाडायची. ‘नंतर लिहू’ म्हटलेली पावती राहून जाते आणि चांगल्या माणसावर विनाकारण संशय येतो.

मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये, आणि लहान मुलांचा पालकांच्या होकाराशिवाय अजिबात नाही. मुलांसोबतच्या उपक्रमात एकटा स्वयंसेवक एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसावा, नेहमी दोन प्रौढ असावेत. नवा असो की माजी अध्यक्ष, सगळ्यांना हे लागू.

उपक्रमानंतरचे दहा दिवस

त्याच संध्याकाळी समन्वयकाने अर्धे पान लिहावे: किती आले, किती परत गेले, कुठे रांग तुंबली, काय कमी पडले, काय उरले. दुसऱ्या दिवशी आठवण पुसट होते. तीन दिवसांत प्रत्येक दात्याला आणि स्वयंसेवकाला नाव घेऊन आभाराचा निरोप, दहा दिवसांत खजिनदाराचा हिशेब बैठकीपुढे. पहिल्यांदा आलेल्या दात्यांना फोनच करा. त्यांचा अनुभव चांगला गेला तर तेच पुढच्या शिबिराचे आधार होतात.

हे अर्धे पान एका वहीत किंवा फाइलमध्ये एकत्र ठेवा. रोटरी आणि लायन्समध्ये १ जुलैला नवे वर्ष सुरू होते आणि पदाधिकारी बदलतात. जुन्या सचिवाच्या फोनमधले नंबर आणि याद्या त्याच्यासोबतच जातात. त्यासाठी मे महिन्यातच नव्या-जुन्या समन्वयकांना एकदा एकत्र बसवा आणि फाइल हातात द्या. त्यात रक्तपेढीचा संपर्क, जागेचे परवानगीपत्र, सामानाची यादी, स्वयंसेवकांच्या पाळ्यांचा तक्ता आणि दात्यांची, त्यांच्या संमतीने ठेवलेली, यादी असावी. पुढच्या शिबिराची तारीखही त्याच बैठकीत रक्तपेढीशी बोलून पक्की करा.