गामा परत कसा गेला? दर्यामार्गांचा धडा वाळूवर शिकवण्याची रीत

माझे वडील गलबतावर तांडेल होते. दाभोळच्या खाडीतून निघायचे आणि मंगळूरची कौलं भरून परत यायचे. त्याच खाडीच्या गुहागरकडच्या अंगाला जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर ‘वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला’ असं लिहीत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, आला ते कळलं. पण परत कसा गेला?" त्याच्या घरी मचवा होता. गेलेली होडी परत येणं हीच खरी बातमी असते, हे त्याला घरातच कळलेलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता सबंध धडा शिकवण्याची माझी रीतच बदलली. किनाऱ्यालगतच्या शाळांतल्या शिक्षकांना आणि सुट्टीत नातवंडं सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती इथे लिहिते आहे.

आधी वेळ ठरवा. मार्गशीर्ष-पौषातली अमावस्या उत्तम. अमावस्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे संध्याकाळी ओहोटीची ओली, घट्ट वाळू पाटीसारखी मिळते आणि अंधार पडल्यावर तारे स्वच्छ दिसतात. तीन संध्याकाळी आणि एक रविवार हाताशी ठेवा. सामान घरातलंच लागेल: एक काठी, चार-पाच करवंट्या, मूठभर मिरी, दोन सुक्या मिरच्या, काजूची एक बी, पुठ्ठा, दोरी आणि वेचलेले शिंपले.

पहिल्या संध्याकाळी कारणं सांगायला बसू नका, सन तर नकोच. आधी वारा. काठीने वाळूवर मोठा नकाशा काढा: वर युरोप, खाली आफ्रिकेचं लांबट पोट, उजवीकडे आपला किनारा, डावीकडे खूप दूर ब्राझील. आफ्रिका निदान वीस पावलं लांब हवी. लिस्बनच्या जागी एक करवंटी ठेवा. आता तीन मुलांना वारा करा. ती युरोपच्या अंगाला उभी राहून दक्षिणेकडे फुंकतील. चौथं मूल जहाज. नियम एकच: वाऱ्याच्या तोंडावर चालायचं नाही, वारा बाजूने किंवा पाठीमागून घ्यायचा.

जहाज लिस्बनहून निघतं आणि आफ्रिकेच्या कडेने झरझर खाली जातं. मग म्हणा, आता घरी ये. ते मूल अडतं. मुलं ओरडायला लागतात, वल्ही मार, थांब, वारा पडू दे. त्यांना पुरेसा वेळ द्या, उत्तर त्यांच्यातूनच येतं. माझ्या अनुभवात होडीवाल्याचं पोर आधी डावीकडे, किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात सरकतं. तिथे पाचवं मूल पश्चिमेचा वारा होऊन उभं करा. जहाज अझोर बेटांच्या उंचीपर्यंत बाहेरून चढतं आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर लिस्बनला लागतं. घरी पोहोचायचं तर आधी घरापासून लांब जायचं, ही युक्ती पोर्तुगीज खलाशांनी पंधराव्या शतकात बसवली. तिला त्यांच्या भाषेत ‘व्होल्ता दो मार’ म्हणतात, म्हणजे समुद्राचा फेरा. माझ्या मते सगळा धडा या फेऱ्यात आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिराच्या पलीकडे गेलेलं जहाज परतत नाही अशी तेव्हा धास्ती होती. १४३४ मध्ये जील इयानिश हा पोर्तुगीज खलाशी ते ओलांडून गेला आणि परतही आला, म्हणून ती धास्ती मोडली.

याच खेळात कोलंबस दोन मिनिटांत उरकतो. १४९२ मध्ये तो कॅनरी बेटांवरून पाठीवर वारा घेऊन ३६ दिवसांत पलीकडच्या बेटांना लागला, आणि परतताना उत्तरेला चढून अझोरवरून आला. तोच फेरा, फक्त मोठा.

गामासाठी मात्र जहाज झालेल्या मुलाला नकाशाच्या डावीकडे अगदी ब्राझीलच्या अंगाला झुकवा. ८ जुलै १४९७ ला चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन तो लिस्बनहून निघाला. केप व्हर्द बेटं सोडल्यावर तीन महिने त्याला जमीन दिसली नाही. आफ्रिकेच्या कडेने गेला असता तर वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर आले असते, म्हणून त्याने भर अटलांटिकमध्ये मोठं वळण घेतलं. दक्षिणेला पश्चिमेचे वारे मिळतात हे दहा वर्षांपूर्वीच्या बार्तोलोमेउ दियशच्या सफरीतून कळलेलं होतं. १४८८ मध्ये हा पोर्तुगीज कप्तान आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून परतला होता. आपल्या माणसाला तीन महिने किनारा दिसला नाही तर घरी काय होतं, हे या मुलांना सांगावं लागत नाही. तिथे जरा गप्प राहा. मग ब्राझीलवर काजूची बी ठेवा. १५०० मध्ये काब्राल हा पोर्तुगीज कप्तान याच वळणावर जास्त झुकला आणि ब्राझीलला लागला. तिथलं हे झाड पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आलं. कोकणातल्या मुलाला काजू परमुलखातला हे पटायला वेळ लागतो. लागू द्या.

दुसऱ्या संध्याकाळी कारणं. इथे माझं ठाम मत आहे आणि ते मी प्रत्येक तरुण शिक्षकाला सांगते. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराची वाट बंद झाली, म्हणून युरोपीय समुद्रात उतरले, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं कारण अपुरं आहे. सन नुसते ओळीने लिहून बघा. पोर्तुगालने आफ्रिकेतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये. बोजादोर १४३४. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याआधीच ते निघालेले होते. आणि १४५३ नंतरही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी विकत घेतच होते.

मग निघाले कशाला? आधी सोन्यासाठी. पश्चिम आफ्रिकेतलं सोनं सहारा ओलांडून उंटांवरून उत्तरेला यायचं, त्याच्या उगमापर्यंत समुद्राने पोहोचायचं होतं. मुसलमान सत्तांशी लढायची धर्मभावना होती. पलीकडे कुठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा ख्रिस्ती राजा आहे, तो मदतीला येईल, अशी आशा होती. पोर्तुगालच्या हेन्री राजपुत्रासारखे पैसा लावणारे होते, आणि पैसा लावणाऱ्याला परतावा हवा असतो. तो परतावा कशातून आला तेही सांगा. ऑगस्ट १४४४ मध्ये पोर्तुगालमधल्या लागोश बंदरात २३५ आफ्रिकी माणसं पकडून आणली आणि वाटून घेतली, आया एका वाट्याला आणि मुलं दुसऱ्या. मुलं लहान आहेत म्हणून हे गाळू नका. सातवीतल्या मुलांना अन्याय चांगला कळतो. १४८२ मध्ये सोन्याच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. मिरीपर्यंत समुद्राने पोहोचायचं हा बेत पक्का झाला तो त्या सुमाराला.

मिरीचा खेळ असा. सहा मुलं ओळीने: मलबारचा शेतकरी, कालिकतचा व्यापारी, तांबड्या समुद्राचा नाखवा, काहिऱ्याचा जकातदार, व्हेनिसचा सावकार, लिस्बनचं गिऱ्हाईक. मिरीचा एक दाणा हातोहात जातो आणि प्रत्येक जण आदल्यापेक्षा एक शिंपला जास्त मागतो. आकडे खेळापुरते, पण शेवटच्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. "मधल्यांना वगळून सरळ शेतकऱ्याकडे गेलो तर?" हा प्रश्न मुलंच विचारतात. त्यांनी विचारेपर्यंत तुम्ही बोलू नका. मग मिरचीची पाळी. मिरीच्या शोधात पश्चिमेला गेलेल्या कोलंबसाला मिरची भेटली आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या स्वयंपाकघरात शिरली. त्याआधी आपल्या कालवणाला तिखटपणा होता तो मिरीचा. घरी जाऊन आजीला सांगा म्हटलं की मुलं धावत जातात.

त्याच रात्री कमाल करा. कमाल म्हणजे अरब आणि हिंदी नाखव्यांचं तारा मोजायचं साधन, एक फळी आणि गाठी मारलेली दोरी. साडेअठरा सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठा कापा, मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि पुठ्ठ्यापासून साठ सेंटिमीटरवर गाठ मारा. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, पुठ्ठा उभा धरायचा. खालची कड क्षितिजाला टेकवली की वरच्या कडेला ध्रुव बसतो, कारण दाभोळ-गुहागरला ध्रुव साधारण साडेसतरा अंशांवर असतो. उत्तरेकडे डोंगर आड येत असेल तर किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला जा. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी हाताशी नसतात, शर्मिष्ठेच्या एम आकारावरून ध्रुव काढा. मग बारा सेंटिमीटरचा दुसरा पुठ्ठा दाखवा. तो कालिकतचा, तिथे ध्रुव अकरा अंशांवर उतरतो. नाखव्याकडे फळी एकच असायची, बंदरागणिक दोरीला वेगळी गाठ. तो एवढंच करायचा. आपल्या बंदराची गाठ जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं, जुळली की किनाऱ्याकडे वळायचं.

विषुववृत्ताच्या खाली ध्रुव दिसतच नाही. तिथे पोर्तुगीजांची पंचाईत झाली आणि त्यांना दुपारच्या सूर्याची उंची मोजून, झाकुतो या ज्यू ज्योतिर्विदाच्या कोष्टकांवरून अक्षांश काढायला शिकावं लागलं. जहाज हलतं म्हणून गामाने आफ्रिकेच्या दक्षिणेला जमिनीवर उतरून सूर्य मोजला होता.

तिसऱ्या संध्याकाळी आपला समुद्र. इथे शिक्षकाने मागे सरावं. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड कधी, जाळी कधी सुकवायची, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ का, हे मुलं सांगतात. मी फक्त वाळूवर दोन बाण काढते, पावसाळ्यातला नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यातला ईशान्येकडून. मग गामाच्या तारखा. २४ एप्रिल १४९८ ला तो आफ्रिकेतल्या मालिंदीहून सुटला. त्या बंदरात तेव्हा हिंदुस्थानातली चार जहाजं उभी होती. वाट दाखवायला मालिंदीच्या राजाने माणूस दिला, तो गुजरातचा होता असं सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहिलं आहे. निघाल्यावर पाचव्या दिवशी ध्रुव पुन्हा दिसला, ही नोंद सफरीवरच्या एका माणसाने रोजनिशीत केली. आदल्या रात्री पुठ्ठा हातात धरलेल्या मुलाला ती नोंद किती आनंदाची आहे ते कळतं. २० मे ला कालिकतजवळ नांगर पडला. चार आठवडेही लागले नाहीत.

किनाऱ्यावर पाठवलेल्या पोर्तुगीजाला दोन ट्युनिशियाचे व्यापारी भेटले. त्यांना स्पॅनिश येत होतं. इथे कशाला आलात, या प्रश्नाला उत्तर मिळालं, ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला. कारणं लिहा असा प्रश्न परीक्षेत आला तर हेच उत्तर मुलं आधी लिहोत. झामोरीनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, गामाने पट्टेरी कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, सहा हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध काढला, तेव्हा दरबारची माणसं हसली. श्रीमंत बंदर कुठलं होतं, ते या यादीवरून कळतं.

आता तो मागच्या बाकावरचा प्रश्न. मुलांना विचारा: ऑगस्टचा शेवट आहे, कालिकतला आहात, निघाल का? माझ्या प्रत्येक तुकडीत बहुतेक हात खाली राहिले. एक मुलगी म्हणाली, "वारा फिरेपर्यंत कशाला निघायचं बाई, तोवर जाळी विणायची." गामाचं झामोरीनशी बिनसलं होतं, तो २९ ऑगस्टला निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून जहाजं दुरुस्त केली आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे वळला. ईशान्येचा वारा अजून लागला नव्हता. कधी वारा पडलेला, कधी तोंडावर. आफ्रिकेचा किनारा दिसला २ जानेवारीला. जाताना चार आठवड्यांच्या आतली वाट, येताना तीन महिने. हिरड्या सुजून, अंगावर डाग उठून तीस माणसं मेली. ताजी फळं नसली की होतो तो स्कर्व्ही. जहाज हाकायला प्रत्येकी सात-आठ धडधाकट माणसं उरली, म्हणून साओ राफाएल हे जहाज त्यांना जाळून टाकावं लागलं. लिस्बनला निम्म्याहून कमी माणसं पोहोचली. शिकवताना मी मुलांच्या हातावर आवळ्याची एकेक फोड ठेवते.

रविवारी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जा. पाणी, डबा आणि टोप्या घ्या, मुलांना बोटीच्या कठड्यापासून दूर बसवा. धक्क्यावर सावली बघून बसा आणि पुढचं सांगा. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूड घ्यायला आल्मेदा आरमार घेऊन दक्षिणेकडून निघाला आणि डिसेंबर संपताना या खाडीत शिरला. दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं भरलेलं बंदर होतं. त्याने ते लुटलं, जाळलं. बायामुलांचीही कत्तल झाली, हे पोर्तुगीजांच्याच बखरींत आहे. पुढे फेब्रुवारी १५०९ मध्ये त्याने दीवची लढाई जिंकली. त्या काळात आपल्याच समुद्रात आपल्याच गलबतांना पोर्तुगीजांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागायला लागला.

इथे मी मुलांना एकच काम देते. आल्मेदा दक्षिणेकडून वर आला, महिना डिसेंबर. कुठल्या वाऱ्यावर आला असेल? मागच्या खेपेला कोळीवाड्यातल्या एका मुलाने खाडीच्या तोंडाकडे बघत सांगितलं, "पहाटेच्या मतलईवर. जमिनीचा वारा शिडात घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने. माझा आजा असाच यायचा."