तुळस कापणीला आली असेल तर आधी सावली बघा, मग विळा

मागच्या ऑक्टोबरात तुळशीची पहिली कापणी केली, अंधार पडला म्हणून सगळा पाला ताडपत्रीवर ढीग घालून झाकून ठेवला, म्हटलं सकाळी पसरू. सकाळी ढिगात हात घातला तर आत शेणखताच्या खड्ड्यासारखं गरम आणि मधली पानं काळी ठिक्कर. घेणाऱ्याने चिमूटभर तळहातावर चोळलं, वास घेतला, म्हणाला दादा हा चहाला नाही चालायचा. विषय संपला.

आता हे काळं पडणं म्हणजे नुसता रंग जात नाही बरं का. तुळशीच्या अर्काला जो अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी रोखणारा, म्हणून भाव आहे तो मुख्यतः रोझमॅरिनिक ॲसिड, युजेनॉल अशा घटकांमुळे. पान दबलं, चिरडलं की पानातलंच एन्झाइम हवेच्या मदतीने हे रोझमॅरिनिक खराब करतं, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तोच प्रकार. युजेनॉल म्हणजे तो लवंगेसारखा वास, तो कडक उन्हात उडून जातो. लॅबवाले डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण घेतात, त्यात अर्क टाकला आणि दम असला की जांभळा उतरून पिवळा होतो, किती उतरला ते मशीन 517 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीवर मोजतं. आपला ढिगातला पाला तिथे लगेच उघडा पडतो.

तर जुलैत लावलेली तुळस आता 90 दिवसांच्या आसपास आली असेल, फुलोरा धरलाय ना बघा. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा, एरवीही दव सुकल्यावरच विळा लावा, आणि जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटर ठेवून कापा म्हणजे परत फुटते, दोन-सव्वादोन महिन्यांत दुसरी कापणी. बुडापासून खरडलं की झाड गेलं.

कापलं की त्याच दिवशी पसरायचं, सावलीत, शेडनेटखाली नाहीतर पडवीत, थर बोटभर, दिवसातून दोनदा हलवायचं. ड्रायर असेल तर 40 ते 45 अंशांच्या वर जाऊ नका, लवकर वाळतो म्हणून 60 वर नेणारे पण बघितलेत, हिरवा दिसतो पण वास नाही. काडी कडकन मोडली की वाळला. साधारण पाच किलो ओल्याचा एक किलो हातात येतो, म्हणून पावडर करायची घाई नको, अख्खं पान अंधारात, हवाबंद जास्त टिकतं.

लेस बग नावाचा किडा आला असेल, म्हणजे पानं वळतात, वाळतात आणि खाली काळे ठिपके दिसतात, तर 5 टक्के निंबोळी अर्क मारा, केमिकल नको, लोक हे पान थेट पोटात घेतात.

आणि स्वतः पॅकिंग करणार असाल तर पाकिटावर शुगर बरी होते, कॅन्सर जातो असलं काही छापू नका. काचेच्या नळीत रंग उतरला म्हणून माणसाची शुगर उतरत नाही, आणि वर नोटीस आली तर वेगळाच ताप.

बांधाकडच्या दोन ओळी मात्र कापू नका. तुळशीच्या लग्नाला रोपांना आणि मंजिऱ्यांना गावातच गिऱ्हाईक असतं, वाळवायची कटकट नाही.