जुन्या मॉरिस मायनरसाठी काढता-घालता येणारा गादीचा टप: कामाला हात घालण्यापूर्वीची तयारी

माझ्या १९५४ सालच्या उघड्या मॉरिस मायनरसाठी मागच्या खेपेस गादीचा टप, म्हणजे आत गादी भरलेले छत, करून घेतला, तेव्हा चार महिन्यांचे काम आणि जवळजवळ सगळा खर्च वाया गेला. त्याला कारण एकच होते: सांगाड्याचे माप गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिला वर उचलून धरणाऱ्या आधारांवर, चढवलेली असताना घेतले होते. इंजिन बाहेर काढलेले, दारे रंगकामासाठी उतरवलेली आणि चाके हवेत लोंबत असलेली, अशा गाडीवर पाइप वाकवून वेल्डिंगचे टाके मारले. पुढे गाडी पूर्ण जोडून जमिनीवर आली, तेव्हा टप डाव्या मागच्या कोपऱ्यात ११ मिलिमीटर वर राहिला आणि डाव्या दाराची काच शेवटच्या दोन बोटांवर अडकू लागली. आता दुसऱ्यांदा हे काम हाती घेत आहे, म्हणून नागपुरात असे काम काढणाऱ्या प्रत्येकासाठी ही तयारी लिहून ठेवतो.

घडी होणारा कापडी हूड आणि हा टप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कारागिराला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे, कारण टप म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर जीपचा कॅनव्हास येतो. हा टप एकसंध असतो. आत पाइपचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर गादी आणि वरून ताणून बसवलेले आवरण, अशी त्याची रचना असते, आणि तो अख्खा उचलून बाजूला ठेवता येतो. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील कार्सन टॉप शॉपने असे टप नावारूपाला आणले, आणि जाळी व कापसाची ती जुनी पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. कारागिराला छायाचित्रे दाखवावीत, तोंडी वर्णनावर भागवू नये.

कागदपत्रांचा विचार आधी करावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण तिच्या चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून बॉडीला एकही नवे भोक पाडायचे नाही. पुढे मूळ हूडचे दोन खटके आणि मागे त्याच हूडच्या बिजागऱ्यांची जुनी भोके, एवढ्यावरच टप बसला पाहिजे. वेल्डरने ‘एक ड्रिल मारतो, पक्के होईल’ असे म्हटले तरी हो म्हणू नये.

आता मुख्य गोष्ट. माप घेण्याच्या दिवशी गाडी स्वतःच्या चार चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असली पाहिजे. इंजिन जागेवर हवे, टाकीत पेट्रोल हवे, सीट बसवलेल्या हव्यात, टायरमध्ये योग्य हवा हवी, दोन्ही दारे लावलेली हवीत आणि काचा पूर्ण वर असल्या पाहिजेत. मायनरला वेगळी चॅसिस नाही, बॉडी स्वतःच सगळे वजन पेलते, आणि डोक्यावर पत्र्याचे छत नसल्यामुळे ती मधोमध थोडी वाकते. घोड्यांवर चढवली की तिचे वजन वेगळ्याच जागांवर येते, इंजिन काढले की पुढचा भाग हलका होतो, आणि समोरच्या काचेची चौकट व मागची कड यांच्यातले अंतर बदलते. डोळ्यांना हा बदल दिसत नाही, टपाला मात्र तो नेमका कळतो. माझ्या दुसऱ्या वेल्डरने पाइपला हात लावण्यापूर्वी एकदाच वाकून खाली पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, आधी गाडी खाली उतरवा, मग बोलू.” हे वाक्य मला पहिल्या वेळी कोणी ऐकवले असते तर बरे झाले असते.

दारांच्या फटी मापाच्या आधीच तपासाव्यात. फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, तर बॉडी आधीच मध्ये खचलेली आहे, आणि दाराखालची पत्र्याची पट्टी, म्हणजे सिल, दुरुस्त केल्याशिवाय टपाकडे वळू नये. समोरची काच दोन सपाट तुकड्यांची असून तिला मध्ये कोन आहे, तेव्हा पुढच्या कडेचा साचा पुठ्ठ्यावर काढून डावी-उजवी बाजू स्वतंत्र मापावी; एक बाजू उलटवून दुसरीसाठी वापरू नये.

सांगाड्यासाठी पाऊण इंची, १६ गेजचा पाइप पुरतो, आणि आडव्या कमानी साधारण एक फुटावर घ्याव्यात. गादी, कॅनव्हास आणि आवरण मिळून सुमारे २० मिलिमीटर जाडी वाढते, म्हणून सांगाडा बाहेरच्या अपेक्षित रेषेपेक्षा तेवढा आत आणि खाली ठेवावा. वेल्डिंगचे तात्पुरते टाके गाडीवर मारावेत, पण बॅटरीची केबल काढून आणि काचा व रंग ओल्या गोणपाटाने झाकून. पूर्ण वेल्डिंग मात्र सांगाड्याला तात्पुरते तिरके आधार टाकून, गाडीपासून दूर करावे, आणि एका सांध्यानंतर लगेच शेजारचा सांधा घेऊ नये, कारण उष्णतेने पाइप ओढला जातो. त्यानंतर सांगाडा पुन्हा गाडीवर ठेवून पाहावा. ती गाडी तेव्हाही चाकांवर असावी आणि काचा वर असाव्यात. दरम्यान ब्रेकच्या कामासाठी कोणी ती घोड्यांवर चढवली असेल, तर ते काम संपेपर्यंत थांबावे.

हंगामाचा हिशेब नागपुरात टाळता येत नाही. येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि उन्हात उभ्या गाडीचे आवरण हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. साधा रबरी डिंक अशा उष्णतेत सैल पडतो आणि कडा उकलू लागतात, म्हणून उष्णता सहन करणाराच घ्यावा आणि कडा केवळ डिंकावर न सोडता सागवानी पट्टीवर खिळ्यांनी बसवाव्यात. सांगाडा डिसेंबर-जानेवारीत करावा, पण आवरण त्या थंडीत ताणू नये. बारा अंशांत ताणलेले रेक्झीन एप्रिलमध्ये झोळ धरते. फेब्रुवारीअखेरच्या दुपारी आवरण तासभर उन्हात पसरून, ऊबदार असतानाच ताणावे. पावसाळ्यात डिंकाचे काम काढूच नये, कारण दमट हवेत त्यावर ओलाव्याचा थर येतो आणि पकड जाते.

गादीसाठी पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम १२ मिलिमीटरचा घ्यावा. गादीवाल्यांकडचा साधा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि आतला पाइप गंजतो. जाळीची टोके आत वळवून घ्यावीत आणि जाळी व फोम यांच्यामध्ये जाड कॅनव्हास घालावा, तो आधी भिजवून वाळवलेला असावा, म्हणजे नंतर आटणार नाही. कॅनव्हास नागपूरच्या गांधीबाग बाजारात मिळतो. आवरणाचा रंग शक्यतो फिका ठेवावा. शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याने, इंचाला सहा-सात टाके; त्याहून बारीक टाके घातले तर रेक्झीन टाक्यांच्या रेषेवरच फाटते. शिवणीची दुमड मागच्या बाजूला असावी, म्हणजे वारा आणि पाणी तिच्यात शिरत नाही.

अस्तर लावण्यापूर्वी पाण्याची परीक्षा. दहा मिनिटे नळी समोरून व बाजूंनी मारावी आणि आत वर्तमानपत्र अंथरावे. तीही गाडी चाकांवर, काचा वर. काचेच्या कडेला रबरी पट्टीत कागदाची एक पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी: अडखळत सुटली तर ठीक, सहज निसटली तर तेथे गळणार, फाटली तर काच उद्या अडकणार. माझ्या पहिल्या टपात डाव्या दाराशी कागद फाटला होता आणि उजव्या दाराशी तो नुसत्या हवेत लोंबत होता.

मागची काच सुरक्षा काचच असावी, पारदर्शक प्लास्टिक येथील उन्हात पिवळे पडते. अस्तर, बीडिंग, खटक्यांना ग्रीस, एवढेच उरते.

टप ठेवायला लाकडी घोडी आधीच करून घ्यावी आणि तिच्यावर जुनी रजई घालावी. भिंतीला टेकवून ठेवलेला टप महिन्याभरात पीळ धरतो. उचलायला दोन माणसे लागतात. आणि तो परत बसवताना गाडीखाली जॅक नाही ना, हे वाकून पाहावे.