खंड्यावर प्रोजेक्ट करायचाय? आधी त्याची एक तार हेरून बसा

भाचीला आठवीत "परिसरातल्या एका पक्ष्याचा अधिवास आणि आहार" असा प्रोजेक्ट मिळालेला, तेव्हा आम्ही दोघांनी जे केलं ते लिहितोय, बाकीच्या पोरांनाबी उपयोगी पडेल.

पक्षी घरापासून सायकलवर जाता येईल तिथला घ्या. दाजीपूरच्या जंगलातला धनेश भारीच आहे, पण तो रोज कसा बघणार? आम्ही खंड्या घेतला. डोकं आणि पोट चॉकलेटी, गळा-छाती पांढरी, पाठ-पंख निळे, चोच लालभडक. आमच्या कोल्हापुरात रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव, पंचगंगेचा काठ, कुठंबी बघा, आणि दिसायच्या आधी त्याचा किलकिलाट ऐकू येतो.

आता महत्त्वाचं. "खंड्या मासे खातो" एवढं नेटवरनं उतरवून काढू नका, कारण ते अर्धंच खरं आहे. पाण्यात सूर मारणारा खरा मासेखाऊ म्हणजे तो चिमणीपेक्षा जरासा मोठा छोटा खंड्या, आणि पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो तो काळा-पांढरा कवड्या. आपला हा पांढऱ्या गळ्याचा मासे खातो, पण नाकतोडे, खेकडे, बेडूक, सरडे, पाली, कधी उंदराचं पिल्लूसुद्धा खातो, म्हणूनच तो पाण्यापासून लांब उसाच्या रानात तारेवर बसलेला दिसतो. अधिवास आणि आहार हे दोन वेगळे धडे नाहीतच, तो काय खातो ते कळलं की तो तिथं का बसलाय ते आपोआप कळतं.

बघायचं कसं, तर त्याची बसायची जागा ठरलेली असते, एखादी तार, डांब, वाळकी फांदी. ती हेरा आणि सकाळी सातच्या आत लांब बसा, निदान तीस पावलं, रंगीत कपडे नकोत, मोबाईल सायलेंट. वहीत प्रत्येक झेपेला एक ओळ: वेळ, कुठनं कुठं झेपावला, पाण्यात का जमिनीवर, चोचीत काय होतं. दिसलं नाही तर "दिसलं नाही" असंच लिहा, अंदाज नको. शिकार मोठी असली की तो ती फांदीवर आपटून आपटून मारतो, तेवढ्या वेळात दुर्बिणीतनं नीट ओळखता येतं. भाचीच्या वहीत मासा एकदाच आला, नाकतोडे पानभर.

तो उडून गेला की त्या जागेखाली शोधा. न पचलेलं तो गोळी करून तोंडातनं टाकतो. ती हातमोजा घालून उचला, बशीत कोमट पाण्यात भिजवा, टाचणीनं सोडवा. त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे, खेकड्याचं कवच, बारीक हाडं, खवले मिळतात, ते कार्डशीटवर चिकटवा. यापेक्षा भक्कम पुरावा नाही. नंतर हात साबणानं धुवायचे.

घरट्याबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. मार्च ते जुलैत हे नदीच्या, ओढ्याच्या उभ्या मातीच्या काठात, विहिरीच्या कडेला बीळ कोरतात, साधारण दीड-दोन फूट खोल, आत चार ते सात पांढरी गोल अंडी. आम्ही फोटोसाठी फार जवळ गेलो, तर नर का मादी कोण जाणे, चोचीत सरडा घेऊन तारेवर नुसतं बसून राहिलं, आम्ही हलेपर्यंत आत गेलंच नाही. पिल्लं आत उपाशी. मला अजून वाईट वाटतं. म्हणून बीळ लांबनंच बघा, हात घालू नका, आणि प्रोजेक्टमध्ये "पंचगंगेचा काठ" एवढंच लिहा, नेमकी जागा कुणाला सांगू नका.

काठावर एकटं जायचं नाही, दरड ढासळते, मोठं माणूस बरोबर घ्या. जूनच्या आत काम उरका, एकदा नदीला पाणी चढलं की निम्मे काठ दिसायचेच बंद होतात.