थंडीत घाट उतरताना छातीला वर्तमानपत्र

ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत) तयारीसाठी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्याजवळचा सिंहगड किंवा बोपदेव घाट सायकलने चढणाऱ्यांची एकच तक्रार असते: चढताना घामाने जर्सी भिजते आणि उतरताना त्याच ओल्या जर्सीवर वारा बसून छाती गारठते. जॅकेट घालून चढावं तर उकडतं, पाठीवर बॅग नको वाटते. यावर जुना, फुकटचा उपाय म्हणजे रद्दीतलं वर्तमानपत्र. टूर द फ्रान्सचे सायकलपटूसुद्धा डोंगर उतरण्याआधी हेच करत आले आहेत.

१. कालच्या पेपरचे दोन-तीन मोठे ताव घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. घाम लागून ओले झाले तर उपयोग नाही.

२. चढताना जर्सीची चेन (झिप) अर्धी उघडी ठेवा.

३. वर पोचल्यावर थांबून, घाम पुसून, ताव जर्सीच्या आत गळ्यापासून बेंबीपर्यंत सपाट बसवा. आत बनियन असू द्या, नाहीतर शाई अंगाला लागते. मग चेन पूर्ण लावा.

४. खाली आल्यावर काढून पुन्हा पिशवीत. लगेच पळायचं असेल तर नक्की काढा, दोन मिनिटांत लगदा होतो.

गुळगुळीत कागदाची पुरवणी नको, ती सरकते आणि कुरकुरते.

मात्र बोटांना पेपरचा काही उपयोग नाही. बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घातल्याशिवाय उतार धरू नका.